दोन मिक्सर, एक स्टूल

दर शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका नऊमजली कचेरीच्या इमारतीत, साठीकडे झुकलेले एक गृहस्थ येत. लिफ्टमध्ये शिरत, नऊ नंबरचं बटण दाबत, वर जात आणि तिथे उतरत नसत. मग चार दाबत. चौथ्यावर दार उघडे, तिथेही उतरत नसत. मग सात, मग दोन, मग पुन्हा तळमजला. असं वीसेक मिनिटं चाले. दार उघडलं की ते मान तिरपी करून छताकडे बघत, आणि दार मिटलं की स्वतःवर खूश होऊन मान डोलावत. पहिल्या महिन्यात तिथल्या पहारेकऱ्याला वाटलं, हा चोर असणार. दुसऱ्या महिन्यात वाटलं, डोक्याने सरकलाय. तिसऱ्या महिन्यापासून त्याने विचार करणं सोडून दिलं, कारण विचार करण्याचा पगार त्याला मिळत नव्हता.

हे गृहस्थ म्हणजे खटपटे. दारावरच्या पाटीवर आडनाव निराळं होतं, पण ते पोस्टमनखेरीज कोणी वाचत नसे. बिघडलेली वस्तू तर सोडाच, चांगली चाललेली वस्तूसुद्धा उघडून पाहिल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, अशा माणसाला गल्ली दुसरं काय म्हणणार? बायको एरवी 'अहो' म्हणे आणि डोकं फिरलं की 'अहो खटपटे' म्हणे. अलीकडे दुसराच प्रकार जास्त ऐकू येई.

लिफ्टमध्ये ते काय ऐकायला जात? तर, "चौथा मजला." "दरवाजा उघडत आहे." "दरवाजा बंद होत आहे." आणि कधी गर्दी झालीच तर, "वजन जास्त झाले आहे. कृपया एकाने उतरावे." हा आवाज त्यांच्या बायकोचा होता, आणि तो त्यांनी अकरा वर्षांपूर्वी घरच्या मागच्या खोलीत स्वतः रेकॉर्ड केला होता. त्यांच्या मते त्यात बायकोचं काम किरकोळ होतं. खरी करामत मिक्सरची होती.

मिक्सर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. तो बिचारा गेली दोन वर्षं बंदच होता, कारण त्याची मोटर खटपट्यांनी एका पंख्यासाठी काढून नेली होती. हा मिक्सर आवाजाचा. त्यांनी उभी हयात लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्या एका दुकानात काढली होती. वायरी गुंडाळायच्या, सभेच्या आधी माइकवर "हॅलो, चेक" म्हणायचं आणि सभा सुरू झाली की बोलणाऱ्याच्या आवाजाला लगाम घालायचा. ते दुकान बुडालं तेव्हा मालकाने नोकरांना ज्या वस्तू वाटून टाकल्या, त्यांत खटपट्यांच्या वाट्याला हे धूड आलं. चोवीस माइक लावता येतील असं, त्यांपैकी सतरा जागा चालणाऱ्या, उचलायला दोन धडधाकट माणसं लागणार आणि खाली ठेवल्यावर दोघांचीही कंबर धरणार. अ‍ॅनालॉग. म्हणजे माइकमधून आलेला आवाज वायरीतून जसाच्या तसा वाहतो आणि प्रत्येक आवाजाची एकेक खुंटी हाताने वरखाली करावी लागते. मागची खोली तेव्हा मुलीच्या अभ्यासाची होती. मिक्सर आत आला आणि मुलीचं टेबल बाहेरच्या बोळात गेलं. पोरगी बोळात अभ्यास करून इंजिनियर झाली. खटपटे याचंही श्रेय मिक्सरला देत.

बायको एका दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर होती. दिवसभर "पुढचे या" आणि "वय किती" ही दोन वाक्यं बोलून तिचा आवाज असा घासून लख्ख झाला होता की तिसऱ्या बाकावर बसलेल्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही आपला नंबर आल्याचं कळे. तिचा धाकटा भाऊ लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत लागला आणि कंपनीला बोलणारी लिफ्ट काढायची हुक्की आली, तेव्हा तोच म्हणाला, "बाहेरून बाई कशाला आणायची? आमची ताई आहे की!"

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी अख्खं काम दोन तासांत उरकलं होतं. मिक्सरपाशी खुर्चीवर खटपटे, त्यांच्या डाव्या हाताला स्टुलावर बायको, तिच्यापुढे माइक आणि भिंतीवर आवाज घुमू नये म्हणून टांगलेली दोन ब्लँकेटं. खटपट्यांचा उजवा हात खुंटीवर. ती बरोबर जागेवर आली की डाव्या हाताचं बोट तिच्या कोपराला लावायचं, म्हणजे तिने बोलायचं. तळमजला ते नववा मजला, आणि वर दरवाजाची नि वजनाची वाक्यं. झालं. ती उठून गेली, कारण तिला कपडे वाळत घालायचे होते.

पण खटपट्यांचं आयुष्य त्या दोन तासांभोवती फिरू लागलं. इतर कामंही आली, नाही असं नाही. एका दुकानाची जाहिरात, एका शाळेच्या समारंभाची सूचना, कुणाच्यातरी भाच्याचं बेसूर गाणं. ती आली आणि गेली. जाहिरात बंद पडली, शाळेने सूचना बदलली, भाच्याने गाणं सोडलं, याबद्दल सगळ्यांनीच सुटकेचा निःश्वास टाकला. लिफ्ट मात्र बोलत राहिली. रोज हजारभर लोक ते काम ऐकत होते, एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं, आणि तरी ते चालू होतं. "ऐक," ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला मोबाइलवर वाजवून दाखवत, "हा ऊबदारपणा ऐक. हा अ‍ॅनालॉगचा. डिजिटलच्या बापाला जमणार नाही." समोरचा माणूस गंभीर चेहऱ्याने 'सातवा मजला' ऐके आणि घड्याळ बघे.

मग दोन वर्षांपूर्वी मुलीने पहिल्या नोकरीतून पैसे साठवून बापाला डिजिटल मिक्सर भेट दिला. बापाच्या कंबरेची काळजी, दुसरं काय! हा यंत्राचा नवा अवतार एका हातात उचलता येई. तो आवाजाचे आकडे करून टाकतो, आकडे लक्षात ठेवतो आणि सांगितलं की सहा महिन्यांपूर्वीची मांडणी एका बटणावर परत आणतो. मुलगी म्हणाली, "बाबा, आता तो जुना काढून टाका. खोलीत जागा होईल."

खटपट्यांनी मान हलवली. कुणी काही शहाणपणाचं सांगितलं की ते नेहमीच मान हलवत. मुलगी तिच्या गावी परत गेली आणि यांनी दोन्ही मिक्सर एकमेकांना जोडले.

ती जोडणी समजून घेण्यासारखी आहे, कारण खटपट्यांखेरीज ती कुणाला समजली नाही. आवाज आधी जुन्या मिक्सरमध्ये जाई, ऊब घ्यायला. तिथून नव्यात जाई, स्वच्छ व्हायला. स्वच्छ होताना ऊब कमी होते अशी त्यांची शंका, म्हणून तो पुन्हा जुन्यात येई. आणि जुन्यातून येताना थोडी घूं अशी घरघर घेऊन येतो, म्हणून ती काढायला पुन्हा नव्यात. एकतीस वायरी लागल्या. एखाद्या माणसाला असं चार कचेऱ्यांत फिरवलं असतं तर त्याने तक्रार केली असती. आणि हा सगळा खटाटोप कुणासाठी? तर शेवटी जो आवाज लिफ्टच्या छतातल्या, भोकं पाडलेल्या पत्र्यामागच्या, बशीएवढ्यासुद्धा नसलेल्या स्पीकरमधून निघायचा, त्याच्यासाठी.

नवा मिक्सर ठेवायला टेबल लागलं. टेबल ठेवायला जागा लागली. जिथे बायकोचं स्टूल असे तिथे ते टेबल आलं. मग बायकोला कुठे बसवायचं? झोपायच्या खोलीतल्या कपाटात. कपड्यांत आवाज घुमत नाही, हे शास्त्र आहे. भिंतीला भोक पाडून वायर नेली, कपाटात माइक टांगला, कानाला हेडफोन आणि डोळ्यांपुढे एक छोटा दिवा. लाल म्हणजे थांब, हिरवा म्हणजे बोल. आधी हेडफोनमध्ये खटपट्यांचा आवाज येई, "तीन, दोन, एक." बायको स्वेटर आणि रजयांच्या मध्ये, गुडघे पोटाशी घेऊन बसे आणि हिरव्या दिव्याची वाट बघे. "दवाखान्यात मी निदान खिडकीत असते," ती एकदा म्हणाली. पण खटपट्यांनी तेव्हा माइक बंद ठेवला होता, म्हणून ते त्यांना ऐकू गेलं नाही.

असं सगळं यथासांग चाललं असताना एका रविवारी मेव्हणा आला. चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाला, "भावोजी, त्या इमारतीवर तीन मजले चढवलेत. दहावा, अकरावा, बारावा. ताईच्या आवाजात तेवढे तीन हवेत."

खटपट्यांचा चेहरा उजळला. अकरा वर्षांत जगाने पहिल्यांदा त्यांच्याकडे आणखी मागितलं होतं.

"पण जुन्याशी जुळायला पाहिजेत," मेव्हणा म्हणाला. "आमच्याकडे आता कॉम्प्युटरचा आवाज आलाय. तो शंभरावा मजलाही बोलतो, आणि त्याला चहा लागत नाही. बाकी सगळ्या इमारतींत तोच बसवला. ही एक मी धरून ठेवलीय. साहेब म्हणाले, तीन मजले शुक्रवारपर्यंत जुळले तर ठीक, नाहीतर खालचे नऊसुद्धा पुसून टाका आणि सगळीकडे यंत्र बोलू दे."

"पुसून टाका म्हणजे?"

"म्हणजे ताई बंद."

बायको आत भांडी आवरत होती. तिने ऐकलं की नाही कळलं नाही. खटपट्यांनी मात्र नीट ऐकलं होतं. त्यांनी आयुष्यात केलेलं एकच काम अजून चालू होतं, आणि ते पाच दिवसांत बंद पडायची भाषा एक माणूस त्यांच्याच घरी बिस्किट खात करत होता.

"तीन तर शब्द आहेत!" ते म्हणाले. "उद्या घेऊन जा."

सोमवारी संध्याकाळी बायको दवाखान्यातून आली, हातपाय धुतले आणि कपाटात बसली. तीन, दोन, एक, हिरवा दिवा. "दहावा मजला. अकरावा मजला. बारावा मजला." आवाज चार कचेऱ्या फिरून आला. मेव्हण्याने तो लिफ्टमध्ये घालून पाहिला आणि मंगळवारी दुपारी फोन केला.

"भावोजी, नवव्यापर्यंत ताई असते. दहाव्याला कोणीतरी दुसरीच बाई लिफ्टमध्ये चढल्यासारखं वाटतं."

खटपट्यांनी वायरींवर दोष ठेवला. मंगळवारी फक्त जुन्या मिक्सरमधून रेकॉर्ड केलं. घरघर इतकी की दहाव्या मजल्यावर पिठाची गिरणी असावी. मग फक्त नव्यातून केलं. स्वच्छ आलं, पण ते त्यांनी स्वतःच नापास केलं, कारण त्यात ऊब नव्हती. मग साठ टक्के जुना, चाळीस टक्के नवा. मग सत्तर-तीस. मग पासष्ट-पस्तीस, आणि जुन्याची वायर उलटी. एका वहीत सगळं टिपून ठेवलं. त्या संध्याकाळी बायकोने 'दहावा मजला' एकशे अठरा वेळा म्हटलं, आणि एकशे एकोणिसाव्या वेळी कपाटाचं दार उघडून बाहेर आली.

"अहो, मी खिडकीवर दिवसभरात एवढ्यांदा 'पुढचे' म्हणत नाही."

"अगं, पण तुझा आवाज बदललाय," खटपटे म्हणाले.

"अकरा वर्षांनी तुमचं डोकं बदललं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली. त्या दिवशीच्या पोळ्या जरा जाडच झाल्या.

बुधवारी मेव्हणा जी बातमी घेऊन आला ती आणखी वाईट होती, कारण ती उपयोगाची होती. "आमच्या तिथे झाडणाऱ्या मावशी आहेत," तो म्हणाला, "त्यांना दोन्ही ऐकवलं. त्या म्हणाल्या, जुनी बाई हसत हसत सांगते, नवी बाई उपकार केल्यासारखं सांगते."

दुसरा कोणी असता तर या वाक्याजवळ थांबला असता. खटपट्यांनी ते वहीत 'तांत्रिक अडचणी' या मथळ्याखाली लिहिलं. हसू हे आवाजाच्या कुठल्या पट्टीत असतं? वरच्या असणार. त्यांनी नव्या मिक्सरच्या पडद्यावर वरची पट्टी दोन घरं चढवली. आवाजाला धार आली, हसू आलं नाही. खालची पट्टी चढवली. आवाज पिंपात बसून बोलू लागला. अखेर नाइलाज झाला तेव्हा त्यांनी हेडफोनमधून कपाटात हुकूम सोडला, "जरा हसून म्हण."

कपाटातल्या अंधारात, दोन स्वेटरांकडे बघून बायको हसली. मेव्हण्याने ते फोनवर ऐकलं.

"भावोजी, आता ती दहाव्या मजल्यावर काहीतरी विकायला आलीय असं वाटतंय."

गुरुवारी खटपट्यांनी जेवण टाळलं. त्यांनी अकरा वर्षांपूर्वीचं मूळ रेकॉर्डिंग काढलं, कानाला हेडफोन लावला आणि आवाज मोठा करून एकेक शब्द पुन्हा पुन्हा ऐकला. तेव्हा त्यांना ते सापडलं. प्रत्येक मजल्याच्या अगदी आधी एक बारीकसा आवाज होता. 'हुप्' असा. तळमजल्याला थोडा, पहिल्याला जास्त, पाचव्याला सगळ्यात जास्त. एकही मजला त्यावाचून नव्हता. म्हणजे जुन्या मिक्सरमध्ये तेव्हा काहीतरी सैल होतं, आणि तो सैलपणा हेच ऊबेचं रहस्य होतं! खटपट्यांना आनंदाने घाम फुटला. त्यांनी पेचकस घेतला, जुन्या मिक्सरच्या वायरी उपटल्या आणि त्याचे चौऱ्याऐंशी स्क्रू काढून आत डोकं घातलं.

संध्याकाळी बायको आली तेव्हा मिक्सरचं झाकण भिंतीला टेकलेलं होतं, आतड्यासारख्या वायरी जमिनीवर होत्या आणि नवरा त्या पसाऱ्यात पालथा पडून टॉर्चने काहीतरी शोधत होता.

"काय हरवलंय?"

"हुप्," खटपटे म्हणाले.

तिने पिशवी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ती कुणाला तरी फोन करायच्या विचारात आहे, फक्त डॉक्टरला की भावाला एवढंच ठरायचंय. खटपट्यांनी उठून हेडफोन तिच्या कानांवर चढवला आणि 'पाचवा मजला' वाजवला. मग सहावा. मग पुन्हा पाचवा.

"ऐकलंस? बोलण्याच्या आधी? आतला एखादा काँडेन्सर सैल असणार, नाहीतर..."

"ती मी आहे," बायको म्हणाली.

"अगं, शब्द तुझा आहे. त्याच्या आधी..."

"त्याच्या आधीपण मीच आहे." तिने हेडफोन काढला. "तुम्ही कोपराला बोट लावत होता ना, बोल म्हणून? मला गुदगुल्या होतात तिथे. हसले तर परत करायला लागेल आणि कपडे वाळत घालायचे राहतील, म्हणून मी दाबून धरत होते. पाचव्याला तर तुम्ही दोनदा बोट लावलंत. मरायची वेळ आली होती माझी."

खटपटे उभे होते. हातात पेचकस होता.

"म्हणजे तो ऊबदारपणा..."

"गुदगुल्या," बायको म्हणाली.

एखाद्या माणसाने अकरा वर्षं एका यंत्राचे गोडवे गावेत, येईल-जाईल त्याला ते ऐकवावेत, त्याच्यापायी पोरीचं टेबल बोळात आणि बायको कपाटात घालावी, आणि मग हे कळावं. हसणारे हसतील. खटपट्यांना त्या क्षणी लाज वाटली, अगदी कानांच्या पाळ्या तापेपर्यंत. तेहतीस वर्षांच्या संसारात या बाईला कोपरावर गुदगुल्या होतात हे त्यांना माहीत नव्हतं. मिक्सरच्या सतरा खुंट्यांपैकी कुठली किती सैल आहे हे मात्र झोपेत सांगितलं असतं.

"आधी का नाही बोललीस?" त्यांनी विचारलं. चूक कबूल करण्याची ही त्यांची पद्धत.

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही 'तीन, दोन, एक' म्हणता आणि दिवा लावता. दिव्याला काय सांगायचं?"

खटपटे गेले आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावरून स्टूल काढून आणलं. त्यावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली. बायकोने तेही चालवून घेतलं, बाही धुणं तिच्याकडे असूनही. स्टूल घेऊन ते मागच्या खोलीत आले, डाव्या हाताची जुनी जागा शोधली, आणि तिथे टेबल होतं. टेबलावर नवा मिक्सर. पलीकडे भिंतीपर्यंत जुना. स्टूल घेऊन ते त्या खोलीत एकदा उजवीकडे वळले, एकदा डावीकडे. त्या खोलीत दोन मिक्सर मावत होते, किंवा एक मिक्सर आणि बायको.

बायको दारात उभी राहून बघत होती. आणि तिने तिच्या कामाच्या स्वच्छ, खणखणीत आवाजात सांगितलं, "वजन जास्त झाले आहे. कृपया एकाने उतरावे."

जुना हलवायचा तर दोन माणसं हवीत, आणि दुसरा माणूस म्हणजे मेव्हणा, त्याची कंबर गेल्याच वेळी गेली होती. खटपट्यांनी थोडा विचार केला. मग जुन्याच्या उघड्या पोटात वायरी कोंबल्या, त्याचं झाकण स्क्रूंशिवाय नुसतं वर ठेवलं, नवा मिक्सर एका हाताने उचलला आणि त्या झाकणावर ठेवून दिला. टेबल उचलून बोळात नेलं, जिथे पूर्वी मुलीचं होतं. दोन मिक्सर कसे जोडावेत याचा दोन वर्षं चाललेला प्रयोग असा संपला. नवा वर, जुना खाली, आणि मधे एकही वायर नाही. टेबल म्हणून जुना फार उत्तम होता, जराही हलला नाही.

ब्लँकेटं टांगली. माइक आला. बायको स्टुलावर बसली.

खटपट्यांचा उजवा हात नव्या मिक्सरवर. त्यांनी घसा साफ केला. "तीन, दोन, एक," म्हणाले आणि डावं बोट तिच्या कोपराला लावलं.

"दहावा मजला," बायको म्हणाली. सपाट. उपकार केल्यासारखं.

पुन्हा. तीन, दोन, एक, बोट. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने स्वतःच हात पुढे केला, कोपर वळवून दिलं. बोट लागलं, काहीच झालं नाही. खटपट्यांचं धाबं दणाणलं. वायर तुटली तर जोडता येते. काँडेन्सर जळला तर बदलता येतो. बायकोच्या कोपरातून हसू निघून गेलं असेल तर ते कुठल्या दुकानात मिळतं? आणि उद्या शुक्रवार होता. अकरा वर्षं उशिरा त्यांना कळत होतं की बंद पडायची भीती त्यांना लिफ्टची नव्हती.

"राहू दे," ते म्हणाले. "कॉम्प्युटर बोलू दे. तू दमली असशील. दिवसभर खिडकीत आणि संध्याकाळी..." त्यांना 'कपाटात' हा शब्द म्हणवेना. "चुकलंच माझं."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. 'चुकलंच माझं' हे दोन शब्द या घरात यापूर्वी रेकॉर्ड झालेले नव्हते.

"तुम्ही सांगून लावता," ती म्हणाली. "तीन, दोन, एक म्हटल्यावर कोणाला गुदगुल्या होतात? तेव्हा कुठे मोजत होता? तुमचं सगळं लक्ष त्या खुंटीत. बोट कधी यायचं मला कळायचंच नाही. आणि काय तो चेहरा! एवढा गंभीर, जसं काही तळमजला म्हणजे..."

खटपट्यांनी बोट लावलं.

ती किंचाळली. मग हसली ती अशी की स्टूल मागे गेलं, एक ब्लँकेट खाली आलं आणि शेजारच्यांनी खिडकी उघडली. ते रेकॉर्डिंग अर्थातच फुकट गेलं. दुसरंही गेलं, कारण आता खटपट्यांनाच हसू आवरेना. हा माणूस रेकॉर्डिंग चालू असताना हसला, हे त्यांच्या दुकानाच्या मालकाला कळलं असतं तर त्याने दुकान आधीच बंद केलं असतं. तिसऱ्या वेळी ती डोळे पुसून, ओठ घट्ट मिटून, कोपर अंगाशी धरून बसली. खटपट्यांनी खुंटीकडे बघितलं, मुद्दाम बराच वेळ बघितलं.

हुप्. "दहावा मजला."

हुप्. "अकरावा मजला."

बाराव्याला त्यांनी दोनदा बोट लावलं. गरज नव्हती.

शुक्रवारी दुपारी मेव्हण्याचा फोन आला. साहेबांनी ऐकलं, मावशींनीही ऐकलं. "एकच बाई वाटते," असं दोघांचंही मत पडलं. मेव्हण्याला मात्र तांत्रिक माहिती हवी होती. "भावोजी, शेवटी काय केलंत? कुठला मिक्सर वापरलात?"

"दोन्ही," खटपटे म्हणाले. त्यांनी खोटं सांगितलं असंही नाही.

आता राहिला शनिवार. दर शनिवारी ते "जरा सुटे भाग आणतो" म्हणून घराबाहेर पडत, आणि खोटं उघडं पडू नये म्हणून येताना खरंच एखादी पिन घेऊन येत. अशा पिनांनी डबा भरला होता. या शनिवारी ते दारात घुटमळले, चप्पल काढली, पुन्हा घातली.

"येतेस का?"

"पिना आणायला?"

"चल तर."

बायकोचा दवाखाना बैठा, माहेर बैठं, घर पहिल्या मजल्यावर. शहराच्या त्या टोकाला तिचं कधी काम पडलं नव्हतं, आणि तिला तिकडे न्यावं हे अकरा वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. इमारतीच्या दारात पहारेकरी उठून उभा राहिला. "काका, आज दोघं? आज तरी कुठल्या मजल्यावर उतरणार, की नेहमीसारखं दर शनिवारचं वर-खाली?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. खटपट्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. ते दाबलेलंच होतं, तरी दाबलं.

लिफ्टमध्ये आणखी दोघं होती, हातात फायली, डोळे मोबाइलमध्ये. खटपट्यांनी दहा दाबलं, मग बारा. चौथ्यावर एक उतरला, "चौथा मजला," आठव्यावर दुसरा. मग ती दोघंच राहिली. "दहावा मजला," छतातली बाई हसू दाबत म्हणाली. दार उघडलं, बाहेर कोणी नव्हतं, दार मिटलं. बायको मान वर करून त्या भोकांच्या पत्र्याकडे बघत होती.

"ही मी?"

"तू."

"बरी वाटते की." ती नवऱ्याकडे वळली. "आणि हे ऐकायला तुम्ही अकरा वर्षं, दर शनिवारी, बस बदलून इथवर येत होता?"

खटपट्यांनी मान हलवली.

"अहो, घरी मी होतेच की."

ती रागाने म्हणाली नाही, हीच पंचाईत झाली. रागाला त्यांच्याकडे उत्तरं होती. ते उभे राहिले, हात कुठे ठेवावेत ते कळेना, कारण इथे एकही खुंटी नव्हती. "बारावा मजला," वरून आवाज आला. "दरवाजा उघडत आहे." बायको बाहेर पडली. आणि खटपटे, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, त्या लिफ्टमधून एका मजल्यावर उतरले.